मंडळी उभी राहिली

अनंतमास्तर साळव्यांचा ऑर्गन वारज्याच्या त्या व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर चढवायला सहा माणसं लागली होती. उतरवायला दोन पुरली. चढवताना मास्तर पुढे उलटे चालत होते आणि प्रत्येक पायरीला ‘जपून’ म्हणत होते. उतरवताना तसं म्हणणारं कोणी नव्हतं.

ऑर्गन म्हणजे पायांनी भाता मारत वाजवायची पेटी, कपाटाएवढी. संगीत नाटकं जोरात होती तेव्हा रंगमंचापुढच्या खड्ड्यात ती असे आणि तिच्यामागे पांढरा सदरा, काळी टोपी घातलेले मास्तर. मी त्या कंपनीत नायिकेची कामं करायचे. पद उचलायच्या आधी मास्तर सूर धरून ठेवायचे आणि मी श्वास घेतला की नाही हे माझ्या खांद्यांवरून ओळखून पुढे जायचे. पुढे पुढे तीच विद्या मलाही आली. समोरचा माणूस आता बोलणार, आता उठणार, हे मला अजून त्याच्या खांद्यांवरून कळतं. त्या वर्षांत मी किती सूर चुकले ते एकट्या मास्तरांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. एवढं मोठं मन मी नाटकधंद्यात दुसरं पाहिलेलं नाही.

मास्तर ख्रिस्ती. आजोबा नगरकडून मिशनच्या लोकांबरोबर पुण्यात आले आणि इथलेच झाले. शनिवारी रात्री साताऱ्याला प्रयोग असला तरी रविवारी सकाळी मास्तर पुण्यात उपासनेला हजर. कंपनीचे मालक चिडवायचे, “मास्तर, तुमचा देव एक रविवार थांबत नाही का हो?”

“देव थांबतो,” मास्तर म्हणायचे. “मुक्ताई थांबत नाही.”

मुक्ताई ही त्यांच्या मंडळीतली एक परिचारिका. आवाज खणखणीत. पेटीवर कोणी नसलं की ती स्वतःच गीत सुरू करी, तेही भलत्या उंच पट्टीत, आणि सगळी मंडळी घसा धरून घरी जाई, असं मास्तरांचं म्हणणं.

मंडळी म्हणजे त्यांचा चर्चचा समुदाय. आमच्या कंपनीलाही आम्ही मंडळीच म्हणायचो, त्यामुळे मास्तर ‘मंडळीत जायचंय’ म्हणाले की कुठल्या, असं विचारावं लागे. शहराच्या पूर्व भागात एका शाळेच्या आवारात कौलारू सभागृह होतं, ते भाड्याने घेऊन ही मंडळी रविवारी भरायची. मास्तर त्याला देऊळ म्हणायचे. नाताळात मी तिथे करंज्या खायला जायचे. एका नाताळात उपासना संपत आली आणि मास्तरांनी जे वाजवायला सुरुवात केली ते ऐकून माझ्या हातातला रुमाल खाली पडला. ते माझंच पद होतं. आमचं जे नाटक गाजलं त्यातल्या तिसऱ्या अंकातलं. नायक मोहिमेवर निघतो आणि नायिका त्याला निरोप देते. शब्द अर्थातच वेगळे होते. पण पहिले चार सूर निघाले मात्र, आणि सगळी माणसं एकदम उठून उभी राहिली. कोणी सांगितलं नाही, कोणी इकडेतिकडे बघितलं नाही. माना खाली, हात जोडलेले, आणि शेवटी सगळ्यांचं मिळून एक मोठं ‘आमेन’.

बाहेर आल्यावर मी विचारलं, तेव्हा मास्तरांनी सांगितलं. त्यांचे पाळक म्हातारे झाले होते. घशाच्या दुखण्याने त्यांचा आवाज पहिल्या बाकापलीकडे जात नव्हता. शेवटच्या आशीर्वादासाठी उभं राहायचं असतं, पण त्यांनी सांगितलेलं ऐकूच येत नसे. अर्धे उभे, अर्धे बसलेले.

“मग मी म्हटलं, पाळकसाहेब, माझ्यावर सोपवा. शेवटचं गीत ह्या चालीवर बसवलं आणि दोन महिने तालीम घेतली. चार सूर, की उभं राहायचं.”

“आमची घ्यायचात तशी?”

“तुमच्यापेक्षा बरी. ही माणसं सांगितलेलं ऐकतात.”

ते पाळक पुढे वारले, दुसरे आले, त्यांचा आवाज चांगला होता. पण उभं राहायचा हुकूम पेटीकडेच राहिला. मुलं त्या चालीला उठत मोठी झाली, त्यांची लग्नं त्या चालीने संपली.

नाटकांचा धंदा बसला. कंपनी बंद झाली तेव्हा मालकांनी ऑर्गन मास्तरांना देऊन टाकला, म्हणाले, हा तुमच्याशिवाय कोणाचं ऐकणार नाही. मास्तरांनी तो आपल्या देवळात ठेवला आणि स्वतः बुधवार पेठेत एका वाद्यांच्या दुकानात पेट्या दुरुस्त करायला लागले. मग नव्वद साल उलटलं. बाहेरदेशीचा माल येऊ लागला आणि दुकानात खोक्यातून आलेले इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड मांडले गेले. मालकाच्या मुलाने सांगितलं, मास्तर, आता दुरुस्ती राहू द्या, गिऱ्हाइकाला डेमो देत जा. मास्तर डेमो देऊ लागले. “बटण दाबलं की तबला सुरू,” मला सांगायचे. “तबलजीची मनधरणी नाही, त्याला पान नको. कला इतकी सोपी झाली ते बरं झालं. कलावंत उगाच मध्ये यायचे.”

आणखी काही वर्षांनी शाळेच्या विश्वस्तांनी ते आवार विकलं. आज तिथे काचेची इमारत आहे आणि आत अमेरिकेतल्या लोकांचे फोन घेतात. मंडळीतली माणसं तोवर कात्रज, वारजे, पिंपरी अशी पांगली होती. रविवारी कोणाच्या तरी दिवाणखान्यात खुर्च्या मांडून जमायची. ऑर्गन मास्तरांच्या कात्रजच्या दोन खोल्यांत आला आणि पुढची खोली भरून गेली. कौशल्यावहिनींनी, मास्तरांच्या बायकोने, आपलं अंथरूण गॅलरीत नेलं. तक्रार केली नाही. मला म्हणाल्या एवढंच, “पाहुणा म्हणून आलाय, तर कधी जाणार ते विचारायचं नसतं.”

मास्तरांची आता सत्तरी आली होती. छातीचं दुखणं मागे लागलं होतं. त्यांना एकच हवं होतं आणि ते उघड बोलून दाखवत. “मंडळीला छप्पर मिळावं आणि मला तिथून न्यावं. माझ्या पेटीसमोरून. परक्याच्या दारातून नको.”

ही गोष्ट तेजस भालेरावने मनावर घेतली. तेजस मंडळीचा चिटणीस, तिशीचा, हिंजवडीत कॉम्प्युटर कंपनीत. मुलगा मनाने चांगला, हे मी आजही म्हणेन. त्यानेच वारज्याचा हॉल शोधला. खाली गाद्यांचं दुकान, पहिल्या मजल्यावर कोचिंग क्लास, दुसऱ्यावर हा रिकामा हॉल. मालक द्यायला तयार होता. अडचण एवढीच की ती जागा नकाशात दुकानं आणि कार्यालयांसाठी होती. तिथे चर्च भरवायचं तर महापालिकेकडून वापर बदलून घ्यायला हवा होता.

तेजसने एक एजंट गाठला. एजंटने सल्ला दिला की चर्च हा शब्द कागदावर आणूच नका. संगीत वर्ग म्हणा. एकदा मंजुरी आली की दार लावून आत काय करता ते कोण बघतंय.

तेजस हे सांगायला कात्रजला आला त्या दिवशी मी तिथेच होते.

“काका, टेक्निकली आपण खोटं बोलतच नाही,” तो म्हणाला. “तुम्ही ऑर्गन वाजवता, लोक गातात. म्युझिक क्लासच झाला ना?”

“आणि पाळक?”

“ते थिअरी घेतात.”

कौशल्यावहिनी हसल्या. मास्तर हसले नाहीत.

“अरे, मी जन्म नाटकात काढला. तिथे तिकीट काढून आलेल्या माणसाला ठाऊक असतं की हे नाटक आहे. इथे ते ठाऊक नसलेला एकच माणूस असणार, आणि सही त्याचीच हवी.”

“सरळ अर्ज केला तर वर्ष-दीड वर्ष जाईल, काका. शेजाऱ्यांच्या हरकती मागवणार, सुनावण्या होणार. तोवर ओनर थांबणार नाही. हॉल गेला.”

“जाऊ दे.”

“जाऊ दे काय?” कौशल्यावहिनी म्हणाल्या. भाजी निवडत होत्या, मान वर केली नाही. “आणि तुम्हाला कुठून न्यायचं मग? ह्या गॅलरीतून?”

मास्तरांनी ऑर्गनच्या झाकणावरून हात फिरवला. मग माझ्याकडे बघत म्हणाले, “ठीक आहे. पण बाई हव्यात शिकवायला. खोटं करायचंच तर निदान बसवलेलं तरी चांगलं असावं.”

म्हणून ऑर्गन वारज्याला चढला, आणि मंजुरीची वाट न बघता रविवारची उपासनाही तिथे भरू लागली. महापालिकेचे साहेब जागा पाहायला येणार होते तो दिवस कामाचा, त्यामुळे तरुण मंडळी ऑफिसात. विद्यार्थी म्हणून उरले ते सगळे निवृत्त. चष्मे, काठ्या, एक-दोघांना ऐकू कमी. त्यांची रविवारची बाकं जिन्याखाली सरकवली आणि सतरंज्या अंथरल्या. भिंतीवरचा लाकडी क्रूस उतरवायचा होता. मुक्ताईने तो कोणाला हात लावू दिला नाही. स्वतःच्या शालीत गुंडाळून मागच्या खोलीत नेला आणि येऊन म्हणाली, “आडवा नाही ठेवला. उभा ठेवलाय.”

मी फळ्यावर सरगम लिहिली.

“मुक्ताई, तुम्ही नुसता सा लावायचा,” मास्तर म्हणाले. “गीत नाही.”

“पन्नास वर्षं गातेय मी. आता सा शिकू?”

“आज शिका. उद्या विसरा. तुम्हाला जड जाणार नाही.”

साहेब आले. निगडे त्यांचं नाव. पन्नाशीचा किडकिडीत माणूस, बगलेत फाइल. पहिल्या मजल्यावरून येताना कोचिंग क्लासच्या दारातल्या चपलांच्या ढिगातून त्यांना वाट काढावी लागली. त्यांनी हॉलची लांबी-रुंदी पाहिली, जिना पाहिला, खिडक्या पाहिल्या.

“क्लासची वेळ?”

“सकाळ-संध्याकाळ,” तेजस म्हणाला. त्याने त्या दिवशी रजा काढली होती.

“रविवारी?”

“रविवारी जरा जास्त,” मास्तर म्हणाले. तेजस खोकला.

मी विद्यार्थ्यांना सा लावायला लावला. इतका वाईट सा मी आयुष्यात ऐकला नव्हता, पण त्यामुळे वर्ग खरा वाटला. निगडे साहेबांनी फाइलीत काहीतरी लिहिलं. पेनाला टोपण लावलं. जायला वळले आणि त्यांची नजर ऑर्गनवर गेली.

“हा पायांचा ऑर्गन?” ते जवळ आले. फाइल सतरंजीवर ठेवली. “वडिलांनी लहानपणी एक नाटक दाखवलं होतं. पुढच्या रांगेत बसलो होतो, हा असा समोर होता.” मग माझ्याकडे बघत राहिले. “बाई, आपण त्यात होतात.”

नाटकाचं नाव त्यांनी बरोबर सांगितलं. मी हो म्हटलं. कितीतरी वर्षांत कोणी ओळखलं नव्हतं.

“तिसऱ्या अंकातलं ते निरोपाचं पद,” ते म्हणाले. “दोनच ओळी. माझ्या वडिलांना फार आवडायचं.”

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचे पाय भात्यावरून खाली आले होते.

“भात्याला चीर गेलीय,” ते म्हणाले.

“आत्ता तर वाजत होता.”

“आत्ताच गेली.”

साहेब हसले. “कलावंत आग्रह करून घेतात, माहीत आहे मला.”

“दुसऱ्या अंकातलं वाजवतो. ते जास्त चांगलं आहे.”

“नको, तेच. तेवढंच आठवतंय मला.”

तेजस बिचारा घाईला आला होता. नाटक त्याने पाहिलेलं नव्हतं. निरोपाचं पद म्हणजे कुठलं, हे त्या हॉलमध्ये मास्तर, मी आणि निगडे साहेब सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, “काका, साहेब एवढं म्हणतायत तर वाजवा ना.”

मास्तरांनी सतरंजीकडे पाहिलं. “सगळ्यांनी बसून ऐकायचं हं,” ते म्हणाले. “बसून.” सगळ्यांनी माना हलवल्या. बसलेलेच होते सगळे. मास्तर आणखी काय सांगणार, साहेबांच्या देखत?

त्यांनी पाय भात्यावर ठेवले. चार सूर वाजवले.

पहिली मुक्ताई उठली. गुडघ्यावर हात टेकून, पण एका झटक्यात. तिच्यामागे सगळे. काठ्या वाजल्या, सांधे वाजले. ज्यांना ऐकू कमी यायचं तेसुद्धा उठले, पायांखालच्या फरशीतून त्यांना ती पेटी ऐकू येत असावी. माना खाली गेल्या, हात जुळले. दाराशी तेजस ताठ झाला आणि त्याचीही मान खाली गेली. मी तोंड उघडलं होतं, आता मिटणार कसं? गायले. नायकाला निरोप दिला. निगडे साहेबांना वाटलं, ही माणसं पदाच्या आदराने उभी राहिली आहेत. तेही सरळ झाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

मी थांबले. मास्तरांनी शेवटचा सूर सोडला. आणि मुक्ताईच्या त्या खणखणीत आवाजामागून सगळ्या सतरंजीने म्हटलं, “आमेन.”

भात्यात उरलेली हवा निघून जाईपर्यंत कोणी हललं नाही. मुक्ताईने हात तोंडावर ठेवला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “हे देऊळ आहे का तुमचं?” त्यांनी विचारलं. हळूच विचारलं.

“सर, ॲक्च्युअली...” तेजस म्हणाला.

“हो,” मास्तर म्हणाले. “देऊळ आहे.”

“मग तसं का नाही मागितलंत?” साहेबांनी फाइल उचलली. “हरकती मागवल्या असत्या, सुनावणी झाली असती. वेळ गेला असता. पण होण्यासारखं होतं, मी स्वतः शिफारस केली असती. आता अर्जात एक आणि जागेवर एक. मी डोळे मिटून सही करायची आणि उद्या खालच्या गादीवाल्याने तक्रार केली की माझी नोकरी जायची.”

“खालच्या मजल्यावर कार्यालय लिहिलंय ना हो?” मुक्ताई म्हणाली. “तिथे शंभरावर पोरं कोंबलीत.”

“त्याची तक्रार आलेली नाही,” साहेब म्हणाले.

दारापर्यंत गेले आणि माझ्याकडे वळून त्यांनी नमस्कार केला. “आवाज तसाच आहे, बाई.” आयुष्यभर कौतुकाला हपापलेली बाई मी. त्या दिवशी ते मला नको झालं.

ते गेल्यावर तेजस म्हणाला, “काका, तुम्ही नाही म्हणायचं ना.”

“तूच म्हणालास, वाजवा.”

“मला काय माहीत ते नाटकातलं आहे? मला वाटायचं ते आपलं आहे.”

“आपलंच होतं,” मास्तर म्हणाले.

अर्ज फेटाळला गेला. तेजसने मग सरळ, चर्च म्हणून दुसरा अर्ज केला, पण आधीचा कागद त्याच्या आधी पोचलेला असे. पहिल्यांदा काय लिहिलं होतंत, हाच प्रश्न प्रत्येक टेबलावर. गादीवाल्याला आणि बाकीच्या दुकानदारांना आता सगळं कळलं होतं. ज्यांनी कदाचित हरकत घेतली नसती त्यांनीही घेतली. आमच्याशी खोटं बोलले, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. हॉलच्या मालकाला थांबायचं नव्हतं. त्याने हॉल कोचिंग क्लासला देऊन टाकला. क्लासच्या दोन माणसांनी ऑर्गन खाली आणून पार्किंगमध्ये ठेवला. मास्तर कात्रजहून बस बदलून पोचेपर्यंत त्यावर कोणीतरी हेल्मेट ठेवलं होतं. त्यांनी ते उचलून बाजूला ठेवलं, भात्यावर पाय दिला आणि मला म्हणाले, “चीर गेलीय.” मग थोड्या वेळाने, “ह्या वेळी खरंच.”

मास्तरांनी पुण्यातल्या निम्म्या पेट्यांचे भाते शिवले असतील. हा त्यांनी शिवला नाही.

मंडळीही राहिली नाही. तरुण लोक बाणेरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये जाऊ लागले, तिथे इंग्रजीत उपासना आणि गिटार. हॉटेलला मेजवानीची परवानगी होती, आत कोणी काय गातं ते कोणी विचारत नसे. म्हातारी माणसं जिथे बस जाईल तिथे गेली. मास्तर कॅम्पातल्या एका मोठ्या दगडी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसत. तिथले लोक त्यांच्याशी अतिशय सौजन्याने वागत. वाजवाल का, असं कोणी विचारलं नाही. त्यांच्या जुन्या मंडळीतल्या कोणीही त्यांना तोंडावर बोल लावला नाही, पण रस्त्यात भेटले की जरा लवकर निरोप घेत.

ऑर्गन कात्रजच्या पुढच्या खोलीत परत आला होता. कौशल्यावहिनी गॅलरीतच झोपत राहिल्या.

मास्तर गेले ते हिवाळ्यात. अंत्यविधी त्याच दगडी चर्चमध्ये झाला, दोन कार्यक्रमांच्या मधली वेळ मिळाली होती. सगळी धावपळ तेजसने केली. गळ्यातलं ऑफिसचं कार्ड काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. कौशल्यावहिनींनी एकच मागितलं होतं, शेवटी ती चाल वाजवा. तेजसने ती तिथल्या कीबोर्डवाल्या मुलाला मोबाइलवर म्हणून दाखवली होती. मुलाने ती नीट उचलली होती.

मी तिसऱ्या बाकावर होते. पुढच्या बाकांवर मास्तरांची जुनी माणसं, सगळी एकत्र, कित्येक वर्षांनी. मध्ये शवपेटी. कीबोर्डवर चार सूर वाजले.

मुक्ताईचे हात समोरच्या बाकावर गेले. तिचे खांदे वर आले, श्वास भरून. आता उठणार. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. तिच्या शेजारचेही तसेच बाक धरून, एकमेकांकडे बघत. मग तिचे खांदे खाली आले आणि हात मांडीवर परत गेले.

कोणीच उठलं नाही.

तिथल्या पाळकांना ह्यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, माइक जवळ ओढला आणि म्हणाले, “आपण उभे राहू या.” तेव्हा सगळे उभे राहिले.